ब्याण्णव पेट्या

"ही सही तुमचीच का?" घोरपडे वकिलांनी कागद माझ्याकडं सरकवला.

सही माझीच होती. शीतल मगदूम, प्रॉडक्शन इंजिनिअर. सहीच्या वर माझ्याच अक्षरात एक आकडा होता, ब्याण्णव, आणि त्याच्याखाली दोन रेघा ओढलेल्या. त्या रेघा मीच खुशीत ओढल्या होत्या.

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीच्या कँटीनवर एक खोली होती. एरवी तिथं मोडक्या खुर्च्या पडलेल्या असत. त्या दिवशी त्या बाजूला सारून एक लांब टेबल मांडलं होतं. टेबलाच्या एका अंगाला चौकशी अधिकारी म्हणून नेमलेले घोरपडे वकील, शेजारी मालकांनी पुण्याहून आणलेला सल्लागार आणि साक्षीदार म्हणून बसलेला मी. समोर गुंडूतात्या चौगुले, गांधी टोपी मांडीवर काढून ठेवलेली. त्यांच्या शेजारी दुसऱ्या पाळीचा बंडा खोत, तात्यांच्या बाजूनं बसायला आलेला.

तात्या आमच्याकडं अठ्ठावीस वर्षं मोल्डर होते, वाळूचे साचे करणारे. निवृत्तीला अकरा महिने उरले होते. आरोप असा की त्यांनी मुद्दाम हात आखडून संथ काम केलं, पाळीतल्या बाकीच्यांनाही करायला लावलं, आणि त्यापायी कंपनीचं मोठं नुकसान झालं. आरोप शाबीत झाला तर तात्या बडतर्फ. आणि तो शाबीत करायला माझा कागद पुरेसा होता. एकदा ब्याण्णव पेट्या काढणारा माणूस रोज सत्तरवर का अडतो, एवढाच काय तो प्रश्न.

त्याचं उत्तर त्या खोलीत तिघांना ठाऊक होतं. तात्यांना, बंडाला आणि मला.

आता हे नीट सांगायचं तर आठ महिने मागं जावं लागतं. सालं सांगत बसत नाही, पण तो मंदीचा काळ होता. आमचं निम्मं काम एका पंप कंपनीचं होतं. तिनं एके दिवशी चीनचं कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, घ्यायला सुरुवात केली, आणि आमच्या आवारात रिकाम्या पेट्यांचे ढीग लागले. आठवड्यातले तीन दिवस भट्टी बंद. मालक इंगवलेसाहेब उमदा माणूस, पण त्या वर्षी त्यांनी कुणाकडं बघून हसायचंच सोडलं होतं. अशात युरोपातल्या एका कंपनीचं पत्र आलं. त्यांनी तिकडची स्वतःची फाउंड्री बंद केली होती आणि पंपाचं घर, म्हणजे बाहेरचं लोखंडी कवच, कुठं स्वस्तात ओतून मिळतं ते जगभर धुंडाळत होते. कोइमतूरची एक, तुर्कस्तानातली एक आणि आमची, अशा तीन फाउंड्र्या शेवटपर्यंत टिकल्या. त्यांचा इंजिनिअर येऊन एक पाळी उभा राहून बघणार, एका पाळीत किती पेट्या निघतात ते मोजणार, आणि मग ठरवणार. त्यांना नव्वद हव्या होत्या.

आमच्या निघत चौसष्ट.

पेटी म्हणजे लोखंडी चौकट. तिच्यात लाकडी पॅटर्न ठेवून भोवतीनं काळी वाळू ठासायची, पॅटर्न अलगद उचलून काढायचा, आत कोअर, म्हणजे वाळूचाच घट्ट गाभा, बसवायचा, पेटी मिटवायची आणि मग त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण माणसाचा निम्मा दिवस ठासण्यात जात नाही, तयारीत जातो. वाळू चाळायची, भिजवायची, आणून टाकायची, पेट्या खरवडून साफ करायच्या, कोअर वाहून आणायचे. ही तयारी यंत्रानं करायची असेल तर सँड प्लांट लागतो, आणि आमच्याकडं तो नव्हता. आठ माणसं आणि फावडी, एवढाच आमचा प्लांट.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. डोक्यात पुस्तकं भरलेली, तोंड चुरूचुरू चालणारं. ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा पॅटर्न उचलताना कडा मोडायच्या माझ्या हातून. तात्यांनी माझं मनगट धरून महिनाभर शिकवलं होतं. चारचौघांत ते मला सायेब म्हणत, पण आम्ही दोघंच असलो की लेका म्हणत, आणि मला ते दुसरंच आवडायचं. तर मी त्यांच्याकडं गेलो. दुपारी जेवून ते शेडच्या सावलीला बसले होते. पाहुणा येतोय, नव्वद पेट्या बघायला येतोय, म्हणून सांगितलं.

तात्या हसले. "लेका, माझ्या लग्नातबी मी एवढा पळालो न्हवतो."

मग मी ते बोललो. अजूनही आठवलं की जीभ चावावीशी वाटते. मी म्हणालो, तात्या, एक दिवसाचा पैरा करूया.

आमच्याकडं, शिरोळ काय आणि पन्हाळा काय, पैरा कुणाला शिकवावा लागत नाही. आज तुमच्या रानात आम्ही राबायचं, उद्या आमच्या रानात तुम्ही. मजुरी नाही, लिहून ठेवणं नाही. माझे वडील तापानं पडले होते त्या वर्षी आमची सगळी भुईमुगाची काढणी पैऱ्यावर झाली होती, आणि बरे झाल्यावर दोन महिने वडिलांनी आधी लोकांच्या रानात दिवस भरले, मग आमच्या. कारखान्यात पैरा करायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ते माझ्या आलं. दुसऱ्या पाळीची आठ माणसं आदल्या रात्री घरी न जाता थांबतील, पहिल्या पाळीची सगळी वाळू चाळून, भिजवून, ढीग लावून ठेवतील, पेट्या साफ करतील, कोअर रांगेनं मांडतील. सकाळी पहिल्या पाळीनं नुसतं ठासायचं आणि मिटवायचं. बघणाऱ्याला दिसणार आठच माणसं.

तात्या बोटांच्या सांध्यातली काळी वाळू चोळून काढत राहिले.

"आणि पैरा फेडायचा कुणी?" त्यांनी विचारलं.

"मी. ऑर्डर आली की पहिल्यांदा सँड प्लांट आणि चार माणसं वाढवून घेतो. मग नव्वद रोजच निघतील. माझा शब्द."

"शब्द देतोस न्हवं? मग झालं," तात्या म्हणाले आणि उठले. बंडाला आणि त्याच्या पाळीला त्यांनीच राजी केलं. कसं केलं ते मी विचारलं नाही.

पाहुणा बुधवारी आला. हेन्रिक नावाचा उंच, शांत माणूस. खुर्ची दिली तर बसला नाही. हातात स्टॉपवॉच आणि एक पातळ वही. सकाळी सातला उभा राहिला तो साडेतीनलाच हलला. आम्ही त्याच्यासाठी हॉटेलातनं जेवण मागवलं होतं, ते सोडून त्यानं तात्यांच्या डब्यातली भाकरी आणि खर्डा खाल्ला आणि डोळ्यांतनं पाणी काढत पुन्हा मागून घेतला. पोरं त्याच्यावर खूश झाली. वाईट माणूस नव्हता तो, हे मला मुद्दाम सांगायचंय.

आणि आमची माणसं त्या दिवशी काय पेटली होती म्हणून सांगू. मी तयारीची युक्ती काढली खरी, पण नुसत्या तयारीनं फार तर ऐंशी निघाल्या असत्या. वरच्या बारा ईर्षेनं काढल्या. आमच्या भागात माणसाला चार जणांसमोर ईर्षेला घाला, मग त्याला तहानभूक कळत नाही. त्यातून पाहुणा घरात आलेला. तात्या छप्पन्न वर्षांचे, धुतलेला गणवेश घालून आलेले, पेटीवरनं पेटीवर नुसते वाकत होते. शेवटच्या तासात त्यांचे पाय थरथरताना मी बघितले. दुसऱ्या पाळीची पोरं रात्रभर राबून कँटीनमध्ये बसली होती आणि पेटी मिटल्याचा आवाज आला की आकडा मोजत होती. ब्याण्णवावी मिटली तेव्हा ती बाहेर आली आणि टाळ्या वाजवायला लागली. हेन्रिकनं तात्यांचा काळाकुट्ट हात हातात घेतला, आणि नंतर आपला हात पुसलाही नाही.

ऑफिसकडं जाताना तो वाळूच्या ढिगापाशी थांबला. ही वाळू तयार कुठनं येते, त्यानं विचारलं. मी म्हणालो, सँड प्लांटमधून. तो कुठं आहे? मागच्या शेडमध्ये, आज दुरुस्तीला काढलाय. खोटं बोलताना माझी जीभ अडखळली नाही, याचं मला त्या वेळी कौतुकच वाटलं होतं. त्यानं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, मी बऱ्याच देशांत फिरतो. पाहुणा आला की माणसं जोरात काम करतात, म्हणून आकड्यातनं मी सहसा दहा टक्के कापतो. इथं कापू का?

माणूस दार उघडून उभा होता बघा. नुसतं हो म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं.

"गरज नाही," मी म्हणालो. "रोज एवढ्याच निघतात."

त्यानं लिहून घेतलं. आमच्याकडची प्रत मी भरली, आठ माणसं, ब्याण्णव पेट्या, खाली सही.

ऑर्डर आली. मालकांनी पेढे वाटले, मला मिठी मारली आणि महिन्याभरात वर्क्स मॅनेजर केलं. पुढच्याच आठवड्यात मी सँड प्लांटचा कागद घेऊन त्यांच्याकडं गेलो, हे मी माझ्या बाजूनं सांगून ठेवतो. त्यांनी तो वाचलादेखील. मग म्हणाले, तुर्कस्तानच्या खाली भाव देऊन ऑर्डर आणलीय, आता प्लांट कशातनं घालायचा? आणि कशाला घालायचा, पोरांनी त्याच्याशिवाय ब्याण्णव काढल्यात की.

मालकांना पैऱ्यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या दिवशी ते मुंबईला होते. मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी मूग गिळून बसलो. नव्या केबिनच्या दारावर माझ्या नावाची पाटी लागून चारच दिवस झाले होते.

पुढं जे व्हायचं ते झालं. त्या कंपनीची नवी पद्धत अशी की तिकडं गोदामच ठेवायचं नाही. आमचा कंटेनर बंदरात उतरला की माल थेट त्यांच्या जोडणीच्या रांगेवर. इथं दोन दिवस चुकले की तिकडं रांग उभी. आणि करारात लिहिलेलं, उशीर झाला तर माल विमानानं पाठवायचा, तोही आमच्या खर्चानं. आमच्या पेट्या चौसष्टवरनं अडुसष्ट झाल्या, एकाहत्तर झाल्या. माणसं जीव तोडून करत होती. तात्या अर्धा तास आधी येऊन वाळू चाळायला लागले, कुणी न सांगता. तरी एकाहत्तर. जानेवारीपर्यंत दोनदा कंटेनर चुकला आणि चाळीस चाळीस किलोची लोखंडी घरं आम्ही विमानानं धाडली. पोरं म्हणायची, आपलं लोखंड विमानात बसलं आणि आपण अजून एस्टीतच. मालकांना त्यातलं काही गमतीचं वाटण्यासारखं नव्हतं. फाउंड्री पुन्हा बुडायला निघाली होती, आणि या वेळी काम असून.

मग पुण्याचा सल्लागार आला. त्यानं पडद्यावर एक आलेख दाखवला. एका टोकाला ब्याण्णवचा उंच खांब आणि पुढं सगळे बुटके. तो मालकांना म्हणाला, "एकदा जमलंय म्हणजे जमतंय. यांना जमत नाही असं नाही, हे करत नाहीत."

मालकांनी माझ्याकडं बघितलं. "मगदूम, तुम्हांला काय वाटतं?"

मी म्हणालो, बघावं लागेल.

बघावं लागेल! एवढंच आलं माझ्या तोंडातनं. सल्लागार म्हणाला, साठ जणांवर कारवाई करता येत नाही, पण ज्याच्याकडं बघून बाकीचे चालतात अशा एकावर करा, बाकीचे आपोआप रुळावर येतात. एकाचं नाव काढायला त्यांना फार वेळ लागला नाही.

तर ती खोली, आणि तो कागद.

"सही माझीच आहे," मी वकिलांना म्हणालो.

"त्या दिवशी पाळीत माणसं किती?"

"आठ."

वकील सावकाश लिहीत होते. भला माणूस होता, प्रत्येक वाक्य लिहून झालं की मोठ्यानं वाचून दाखवायचा. मग त्यांनी पेन उचललं आणि विचारलं, "या आठ जणांखेरीज त्या दिवसाच्या कामाला आणखी कुणाची मदत घेतली होती का?"

माझं लग्न वैशाखात ठरलं होतं. सासऱ्यांनी सगळ्या पैपाहुण्यांत जावई वर्क्स मॅनेजर म्हणून सांगून ठेवलेलं. खरं बोललो असतो तर सँड प्लांटचं खोटं बाहेर आलं असतं, परदेशी कंपनीला लेखी फसवल्याचा ठपका माझ्यावर आला असता आणि नोकरी गेली असती. ऑर्डरही गेली असती कदाचित. ऑर्डरचं कारण मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला देत आलो, साठ घरांचा प्रश्न होता वगैरे. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं साठ घरं नव्हती. दारावरची पाटी होती.

मी तात्यांकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते. रागानं नव्हे. मी ट्रेनी असताना पॅटर्न उचलायला लागलो की ते असेच बघायचे, कड मोडतेय का नीट निघतोय म्हणून.

"नाही," मी म्हणालो. "कुणाची मदत नव्हती."

वकिलांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं. बंडा खोत खुर्चीतनं अर्धा उठला. तात्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्याला खाली बसवलं.

वकिलांनी तात्यांना विचारलं, साक्षीदाराला काही विचारायचंय का, तुमचा हक्क आहे तो. तात्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग वकिलांनाच राहवलं नाही. ते म्हणाले, "चौगुले, त्या दिवशी ब्याण्णव केल्या ते खरं ना? मग नंतर का होत नाहीत? काही कारण असेल तर सांगा. मी लिहून घेतो."

"पाहुणा आलता," तात्या म्हणाले.

"म्हणजे?"

"पाहुणा आलता म्हणून केल्या. आणि काय न्हाई."

सल्लागार हसला. म्हणाला, कबुलीच झाली ही, मनात आलं की होतं. वकिलांनी तेही लिहून घेतलं. तात्यांनी वाकून, एकेक अक्षर जोडत सही केली, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि खोलीतल्या सगळ्यांना नमस्कार केला. त्यात मीही आलो.

जिन्यावर बंडानं मला गाठलं. तात्या पुढं निघून गेले होते. मला वाटलं आता हा कानाखाली लावणार, आणि खरं सांगतो, लावली असती तर बरं झालं असतं. पण तो एक पायरी खाली उभा राहून हळू आवाजात बोलला.

"आम्ही समदी येऊन सांगणार हुतो. रात्रभर राबलोय आम्ही, सोळा माणसांचं काम हुतं त्ये. तात्यानं शपथ घातली आमाला. म्हणालं, तुमी कुणी तोंड उघडायचं न्हाई. शीतलनं शब्द दिलाय, त्याचं त्यो बोलंल."

एवढं बोलून तो उतरून गेला. मी तिथंच कठडा धरून उभा राहिलो. खाली दुसरी पाळी सुरू व्हायचा भोंगा झाला तेव्हा कुठं केबिनकडं निघालो.

पंधरा दिवसांनी तात्यांना बडतर्फीचं पत्र मिळालं. ते मालकांच्या सहीचं होतं, मसुदा मीच तपासला होता. पेट्यांचा आकडा त्यानंतर पाच-सहांनी वाढला आणि पुन्हा एकाहत्तरवर आला. करार दोन वर्षं कसाबसा चालला. मग एक दिवस चार ओळींची मेल आली की कंपनीनं धोरण बदललंय, यापुढं हे काम दुसऱ्या देशातल्या पुरवठादाराकडं जाईल, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. त्यात ब्याण्णवचा उल्लेख नव्हता, एकाहत्तरचाही नव्हता. तुर्कस्तानालाही ते काम मिळालं नाही म्हणे. फाउंड्रीच्या जागेवर आता फरशीचं गोदाम आहे. मी त्याच्या आधीच पुण्याला मोठ्या कंपनीत लागलो होतो. पुरवठादारांच्या कारखान्यात जाऊन कुणाचा माल किती निघतो ते बघण्याचं काम. हसू नका. मी दहाऐवजी वीस टक्के कापतो, आणि वाळू कुठनं आली ते स्वतः मागच्या शेडपर्यंत चालत जाऊन बघतो.

पण माझ्या मनातनं जात नाही ते तात्यांना काढलं त्याच वर्षीच्या आषाढातलं.

लग्न झालं होतं. तात्यांना पत्रिका पाठवली होती, ते आले नव्हते. तोवर जायचं धाडस झालं नव्हतं ते एका सुट्टीच्या दिवशी कसंबसं गोळा केलं आणि पन्हाळ्याच्या पायथ्याला त्यांच्या गावी गेलो. घराला कडी होती. शेजारणीनं सांगितलं, रानात आहेत, आज लावण आहे. चिखलातनं मोटरसायकल ढकलत मी तिथवर गेलो.

भाताची रोप लावण चालली होती. डोक्यावर प्लास्टिकचे कागद बांधून चौदा-पंधरा माणसं एका ओळीत वाकलेली. जवळ गेल्यावर चेहरे कळले. पहिल्या पाळीचे सातजण होते. बंडा होता आणि दुसऱ्या पाळीची सगळी पोरं होती. आठवड्याची एकुलती एक सुट्टी टाकून आलेली. त्यांना कुणी बोलावलं असेल असं वाटत नाही. तात्या बांधावरनं रोपांच्या जुड्या त्यांच्या हातात देत होते. चार-पाच महिन्यांत चांगलेच वाळले होते.

मी बांधावर बूट काढले, मोजे बुटात कोंबले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मग तात्यांच्या पुढं जाऊन उभा राहिलो. आदल्या रात्रीपासनं पाठ केलेली सगळी वाक्यं विसरलो होतो.

"तात्या," मी म्हणालो, "पैरा फेडायला आलोय."

ओळीतले हात थांबले. कुणी मान वर केली नाही, पण थांबले. तात्यांनी आधी माझ्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं. माझ्याकडं जुडी येईल म्हणून मी हात पुढं केला होता.

"असू द्या," ते म्हणाले. "आज माणसं पुरी हायती."

आवाजात काही नव्हतं, राग नाही, टोमणा नाही. मग ते खोपीकडं वळून बायकोला हाक मारून म्हणाले, "अगं, पाहुणं आल्यात. च्या टाक."

ओळ पुन्हा वाकली. जुड्या पुन्हा हातोहात जायला लागल्या.

काकींनी मला खोपीत पोत्यावर बसवलं. ओळीतल्या माणसांसाठी किटलीतनं चहा गेला, स्टीलच्या पेल्यांतनं. मला कप आणि बशी मिळाली, फडक्यात गुंडाळून ठेवलेली. लग्नाचं काकींनी विचारलं, आईची तब्येत विचारली, सूनबाईला आणायचं होतं म्हणाल्या. मी उत्तरं दिली. चहा संपल्यावर कप विसळायला उठलो, तर त्यांनी तो माझ्या हातातनं काढून घेतला. पाहुण्यांनी विसळायचा नसतो म्हणाल्या.

मी दुमडलेली पँट खाली केली, बूट घातले आणि गाडीकडं चालत आलो.